चिंचोके, खडी आणि कॅलरी

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर मोजली आणि चिठ्ठीवर औषधांच्याही वर, पहिल्याच ओळीत लिहिले : रोज पंचेचाळीस मिनिटे भरभर चालणे. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला हे कळले. लहानपणी ईदच्या सकाळी ती माझ्यापुढे हात पसरून ईदी मागायची. त्या वर्षी उलटी गंगा वाहिली आणि तिच्याकडून मला मनगटी घड्याळ आले. हे घड्याळ वेळही सांगते, पण ते त्याचे मुख्य काम नव्हे. मी किती पावले चाललो, काळीज किती वेळा धडधडले आणि या खटाटोपात किती कॅलरी जळाल्या, याचा हिशेब ते ठेवते.

अमरावतीत सकाळी फिरणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. एक वडाळी तलावाकडे जातो, दुसरा छत्री तलावाकडे, तिसरा मालटेकडी चढतो. मी छत्री तलाववाला. पहिल्या दिवशी फिरून आलो, टपरीजवळ थांबलो आणि घड्याळाकडे पाहिले. सोबत आमचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी विचारले, "किती जळाल्या गा?" म्हटले, "दोनशे पंच्याऐंशी." मास्तर टपरीवाल्याकडे वळले. "मंग दे यायले एक आलुबोंडा. जमा-खर्च बरोबर."

जळणे हा शब्द तसा आमच्या धंद्यातला. गझलेत दिल जळतो, शमा जळते, परवाना तर जळायलाच जन्माला येतो. पण कॅलरी जळते आणि तिचा आकडा मनगटावर दिसतो, हे मला नवे होते. त्या आकड्याने मला वेड लावले, असे म्हटले तरी चालेल. आकडा दोनशेच्या आत असला की दिवस वाया गेल्यासारखा वाटे. एकदा तर रात्री जेवणानंतर मी अंगणात पुन्हा चाळीस फेऱ्या मारल्या, कारण घड्याळातले वर्तुळ पुरे व्हायचे राहिले होते. बायको दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही, पण तिने दाराची कडी लावून घेतली. तेव्हा मी ठरवले की या कॅलरीची जन्मकुंडली एकदा पाहून घ्यावी. आज त्याच शोधाविषयी बोलायचे आहे.

मेहनत मोजायची खोड काही घड्याळांपासून सुरू झालेली नाही. जुन्या अकोल्यात, मोर्णा नदीपासून फार लांब नाही अशा एका बोळात, एक तालीम होती. आज तिथे दुकानांचे गाळे आहेत. माझे अब्बा तरुणपणी त्या तालमीत जायचे, पुढे सात-आठ वर्षांचा झाल्यावर मीही गेलो. वस्ताद म्हातारे होते. ते हौद्याच्या काठावर बसत आणि त्यांच्यापुढे चिंचोक्यांचे दोन ढीग असत. पोराने दहा बैठका मारल्या की उजवीकडचा एक चिंचोका डावीकडे जाई. शंभर चिंचोके इकडून तिकडे गेले की हजार बैठका. गामा पहिलवान रोज हजारोंनी बैठका आणि जोर मारायचे, ही कथा त्या तालमीत रोज कोणीतरी कोणालातरी सांगत असे. १९१० साली लंडनला जाऊन नाव कमावलेला तो माणूस आम्हाला नात्यातला वाटायचा. मी स्वतः तीस चिंचोक्यांच्या पुढे कधी गेलो नाही. उरलेले चिंचोके भाजून खायला चांगले लागतात, एवढे मात्र शिकलो.

पण वस्तादांचे खरे माप चिंचोके नव्हते. ते घाम पाहत. कपाळावर आला, नाकावर आला, काखेत आला, तोंडाला कोरड पडली की ते म्हणायचे, "बस, आता उद्या." चिंचोके कितीही उरलेले असोत. पुढे बी.ए.ला असताना एका वैद्यमित्राने मला सांगितले की सुश्रुतसंहितेत व्यायामाची मर्यादा हीच दिली आहे. अंगातल्या बळाच्या अर्ध्यापर्यंत व्यायाम करावा, आणि अर्धे बळ खर्ची पडले हे घाम, धाप आणि तोंडाची कोरड यांवरून ओळखावे. आमच्या वस्तादांनी सुश्रुताचे नावही ऐकले नसेल. तरी माप तेच, कुठल्या वाटेने त्यांच्यापर्यंत आले कोण जाणे. या मापात एक गोम आहे. ते माणसागणिक बदलते. पोटभर दूध प्यालेल्या पोराचे अर्धे बळ वेगळे आणि रात्री नुसत्या भिजवलेल्या हरभऱ्यांवर झोपलेल्याचे वेगळे. वस्तादांना हे ठाऊक होते, कारण कोणाच्या घरी चूल कशी पेटते ते त्यांना माहीत असायचे.

बी.ए. करायला मी अमरावतीला मामूंकडे आलो आणि व्यायामाचे दुसरे जग पाहिले. इथल्या वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती ही गल्लीतली विद्या त्यांनी वर्गात बसवली. उन्हाळी वर्ग भरवले, शिक्षक घडवले, आणि ते शिक्षक गावोगाव पाठवले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाचे पथक तिथे गेले होते आणि आपली कबड्डी व इतर देशी खेळ त्यांनी करून दाखवले. अमरावतीच्या मातीतली पोरे बर्लिनच्या हिरवळीवर 'हुतूतू' करीत धावत असतील, या कल्पनेने मला आजही गुदगुल्या होतात. १९४९ साली स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाड मेळाव्यातही मंडळाचे लोक पोचले. त्याच सुमारास बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश निघत होता, दहा खंडांचा. इकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेत होते.

या सगळ्या लोकांना आकड्यांचे प्रेम होते. किती जोर, किती नमस्कार, किती मिनिटे. पण मी त्यांच्याविषयी जे वाचले-ऐकले त्यात एक गोष्ट ठळक दिसते. त्यांना व्यायामाने अंगात काहीतरी भरायचे होते. ताकद भरायची, दम भरायचा, छाती भरायची. कंगाल, उपाशी, गुलाम देशात अंगातले काही कमी करायला कोण तालमीत जाईल? व्यायामाने किती जळाले हे मोजायचे, तर आधी अंगावर जळण्याजोगे काही साठलेले हवे.

आता कॅलरीकडे वळू. तिचा जन्म तालमीत झाला नाही, दवाखान्यातही नाही. पॅरिसमध्ये निकोला क्लेमां नावाचे एक प्राध्यापक १८१९ ते १८२४ या काळात वाफेच्या यंत्रांवर व्याख्याने देत. इतका कोळसा जाळला तर किती उष्णता मिळते, हे सांगायला त्यांना एक माप हवे होते. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते तिला त्यांनी कॅलरी म्हटले. आपल्या घड्याळातली कॅलरी तीच. शास्त्राच्या पुस्तकात तिला किलोकॅलरी म्हणतात, पण बोलताना 'किलो' कोणी लावत नाही. त्याच्या आधी, १७८०च्या सुमारास, लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनीपिग बर्फाच्या पेटीत ठेवून, त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजले होते आणि प्राण्याचा श्वास म्हणजे एक मंद जळणेच आहे असे सांगितले होते. म्हणजे शमा-परवान्याच्या शायरांचे अगदीच चुकलेले नव्हते.

माणसाला असे मोजायला मात्र शतक सरत आले. अमेरिकेत मिडलटाउन गावी विल्बर अॅटवॉटर यांनी तांब्याच्या अस्तराची एक बंद खोली बनवली. एक माणूस तिच्यात जेमतेम मावे. तो दिवसेंदिवस आत राही. आत जाणारे अन्न मोजलेले, बाहेर पडणारा श्वास मोजलेला, अंगातून निघणारी उष्णता नळ्यांतल्या पाण्यावरून मोजलेली. कधी तो नुसता पडून राही, कधी जागच्या जागी सायकल मारी. तशी न हलणारी सायकल आज व्यायामशाळांतून दिसते. खोलीतला माणूस जितके खातो तितकेच खर्चतो किंवा साठवतो, हिशेबात पैची चूक निघत नाही, हे अॅटवॉटर यांनी दाखवून दिले.

हे प्रयोग १८९६च्या सुमारास सुरू झाले. आणि १८९६ या आकड्यापाशी मी वाचता वाचता थांबलो. कारण त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस दगा देऊन गेला होता, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात दुष्काळी कामे निघत होती. तीन वर्षांनी, १८९९-१९००ला, त्याहून भयंकर दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला. तिकडे एक माणूस बंद खोलीत सायकल मारतो आहे आणि त्याच्या खाण्याचा नि श्रमाचा तोळामासा हिशेब होतो आहे. इकडे रस्त्याकडेला माणसे खडी फोडत आहेत आणि त्यांच्याही खाण्याचा नि श्रमाचा हिशेब होतो आहे. दोन्हीकडे वही आहे, मोजणारा आहे. खोलीतल्या माणसाला दार ठोठावून बाहेर येता येत होते, एवढा फरक.

दुष्काळी कामावरचा हा हिशेब त्याहूनही जुना. १८७७ साली मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांना सरकारने खर्चाला आळा घालायला पाठवले. हे टेंपलसाहेब आपल्याला परके नाहीत, त्याआधी ते नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांनी ठरवले की दिवसभर काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी धरली तर आजच्या हिशेबाने सोळाशे कॅलरींच्या आतबाहेर. तेव्हा मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. राबणाऱ्या अंगाला दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी लागते, असे ते सांगत होते. दख्खनमध्ये तर खुद्द मजुरांनी कामे सोडली, अर्धपोटी राबणार नाही म्हणून बसून राहिले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. कॅलरी हा शब्द त्या मजुरांच्या कानावर आलेला नव्हता. पण किती खाल्ले तर किती दगड फुटतो, हे गणित त्यांना टेंपलसाहेबांपेक्षा चांगले येत होते. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावल्या तयार झाल्या. कोणी किती काम करायचे नि त्याला किती रेशन, याची कोष्टके छापली गेली.

माझ्या घरात हा इतिहास फार लांबचा नाही. १९७२ सालच्या दुष्काळात अब्बांना अकोल्यात हमाली मिळेना. अम्मी मला काखेत मारून माहेरी गेली. माहेर बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजाच्या बाजूला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिथे सगळे गाव खडी केंद्रावर जात होते, तीही गेली. मी दीड-दोन वर्षांचा. बाभळीच्या सावलीला लुगड्याच्या झोळीत निजायचो. ती हातोडीने दगड फोडायची. संध्याकाळी मुकादम लाकडी माप घेऊन येई, ढीग मापात भरी आणि म्हणे, "भरलं नाही." भरले नाही म्हणजे मजुरी कापली. अम्मी सांगते की ढीग भरलेला असला तरी तो तेच म्हणायचा, कारण खडी सैल रचली आहे, दाबली तर खाली बसेल, असे त्याचे म्हणणे. खाली बसलेले मात्र तिने कधी पाहिले नाही. दुपारी सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची चव ती अजून वर्णन करून सांगते. मी ते इथे सांगत नाही, ऐकणाऱ्यांपैकी कोणी जेवायला बसले असेल.

अम्मी खडी फोडत होती त्याच्या वर्षभर आधी, १९७१च्या जानेवारीत, पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास छापला होता. गरीब कोणाला म्हणायचे? त्यांनी कॅलरीचे माप लावले. माणशी रोज २२५० कॅलरी देणारे अन्न ज्या खर्चात येते, तेवढाही खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब. या मापाने १९६०-६१ साली खेड्यातली सुमारे चाळीस टक्के आणि शहरातली सुमारे पन्नास टक्के माणसे गरीब निघाली. देशभर खळबळ उडाली. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यात २४०० आणि शहरात २१०० कॅलरी हे आकडे धरले. खेड्यातला आकडा मोठा, कारण तिथे अंगमेहनत जास्त. म्हणजे देशाच्या दारिद्र्यरेषेच्या पोटात, व्यायामात किती जळते, हाच प्रश्न लपलेला होता. फक्त त्याला तिथे व्यायाम म्हणत नव्हते.

यावर दांडेकरांशी वाद घातला तो पां. वा. सुखात्मे यांनी. दोघेही संख्याशास्त्राचे, दोघेही सातारा जिल्ह्यातले. सुखात्मे वीस वर्षे रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते, तिथून पुण्याला परतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाची गरज म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तोच माणूस, तेच काम, तरी त्याचे शरीर या आठवड्यात कमी खर्चते, पुढच्या आठवड्यात जास्त. शरीर स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरी आकड्याच्या खाली जो आला तो प्रत्येक जण उपाशी, असे धरू नका. उलट बाजूचे म्हणणे होते की कमी अन्नात भागवणारे शरीर जुळवून घेत नाही, ते काटकसर करते. ते कमी हलते, कमी वाढते, कमी कमावते. मी कवी, मला या वादात पंच होता येणार नाही. पण 'जुळवून घेणे' हा शब्द ऐकला की मला अम्मीची त्या वर्षीची अंगकाठी डोळ्यांपुढे येते. आमच्या घरात तिचा तेव्हाचा एक फोटो आहे. तिच्या शरीराने फार सुंदर जुळवून घेतले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

सुखात्म्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला मनापासून पटतो. घाणेरड्या पाण्याने पोट बिघडत असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून अन्नाइतकेच स्वच्छ पाणी आणि सफाई महत्त्वाची, असे ते कळकळीने सांगत. हे ऐकले की अमरावतीच्या माणसाला दुसरे कोण आठवणार? गाडगेबाबा. दिवसभर खराटा घेऊन गाव झाडणारा आणि रात्री कीर्तनात गावाच्या डोक्यातला केर काढणारा तो माणूस. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. बाबांच्या मनगटावर असे घड्याळ असते तर संध्याकाळपर्यंत त्याचा काटा मोडला असता.

आणि याच जिल्ह्यात, अमरावतीहून निघून परतवाड्यावरून घाट चढला की मेळघाट लागतो. १९९३ साली तिथल्या कोरकू वस्त्यांतल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. धारणी आणि चिखलदरा ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांत रोज असत. डॉक्टर, कार्यकर्ते, न्यायालये, समित्या, सगळे झाले. काही सुधारलेही. पण पावसाळा आला की ती नावे वर्तमानपत्रात परत दिसू लागतात. एकाच जिल्ह्यात एक माणूस सकाळी उठून कॅलरी जाळायच्या कशा या चिंतेत आहे आणि दुसऱ्या टोकाला एक आई पोराच्या अंगात त्या भरायच्या कशा या चिंतेत. मध्ये अंतर दीड-दोनशे किलोमीटरचे.

घड्याळाकडे परत येतो. ते कॅलरी मोजते कशी? खरे म्हणजे मोजतच नाही. त्यात एक हालचाल ओळखणारा कण असतो आणि एक हिरवा प्रकाश, जो कातडीखालच्या रक्ताच्या लाटा पाहून नाडी सांगतो. त्यात तुमचे वय, वजन, उंची मिसळून ते अंदाज बांधते. नाडीच्या बाबतीत ही घड्याळे बऱ्यापैकी इमानदार आहेत. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात प्रकारची घड्याळे तपासली. त्यांतल्या सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत बरे घड्याळ २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. आमच्या खडी केंद्रावरचा मुकादमही इतका चुकत नसेल. फरक एवढाच की तो कमी मोजायचा आणि माझे घड्याळ, मला दाट संशय आहे, जास्त मोजते. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास भरभर चालला तर दोनशेच्या थोडे पुढे, असा जाणकारांचा आडाखा. त्यातही पन्नासेक तो नुसता खुर्चीत बसला असता तरी खर्च झालेच असते. म्हणजे मास्तरांचा आलुबोंडा माझ्यावर चढलेलाच आहे.

शिवाय शरीराच्या मूळ खर्चाची सूत्रे बनली कुणावरून? सर्वांत गाजलेले सूत्र १९१९ सालचे, हॅरिस आणि बेनेडिक्ट या अमेरिकनांचे, तिकडचे १३६ पुरुष आणि १०३ बायका मोजून काढलेले. नंतर नवी सूत्रे आली, ती भारतीय अंगाला सैल बसतात असे इथल्या संशोधकांना आढळले. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१०च्या शिफारशींत तज्ज्ञांनी त्यांतून पाच टक्के वजा केले. दहा हजार पावलांचे व्रत तर शास्त्रातूनही आलेले नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे माप' असे ठेवले. नाव गोड होते, आकडा पाठ व्हायला सोपा, तो जगभर रूढ झाला. चालणे वाईट नाही, बाबांनो. माझी साखर उतरली आहे. पण साडेनऊ हजारांवर माणूस नरकात जातो असे नाही.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते एका वेगळ्याच गणिताने. अब्बा हमाल. क्विंटलचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे. भौतिकशास्त्राला विचारा : शंभर किलो दीड मीटर उचलायला किती ऊर्जा? उत्तर येते सुमारे १४७० ज्यूल. कॅलरीत सांगायचे तर एका कॅलरीचा तिसरा हिस्सा. शरीराचे यंत्र आपल्या इंधनाचा चौथा-पाचवा भागच कामी लावते आणि उरलेल्याची उष्णता होते, हे धरले तरी दीड कॅलरी. अब्बांचे स्वतःचे वजन, फळीवरची पावले, सगळे मिळवा, तरी एका पोत्याचा आकडा एका चिंचोक्याच्याही पुढे जायचा नाही. आणि तेच पोते सपाट जमिनीवरून गोदामाच्या या टोकापासून त्या टोकाला नेले तर शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे पोत्यावर झालेले कार्य शून्य. शून्य! हे मी बारावीत शिकलो आणि मोठ्या उत्साहाने घरी येऊन अब्बांना सांगितले. ते पाठीला तेल चोळत बसले होते. म्हणाले, "तेरे मास्टर कू बोल, एक दिन आ. झीरो उठाके देख."

हमाली सुरू झाली तशी अब्बांची तालीम सुटली. मी एकदा विचारले होते की बैठका का सोडल्या. पोती आहेत ना, म्हणाले. पण पोत्यांनी ताकद भरली नाही, पन्नाशीत त्यांचे गुडघे गेले. तालमीत वस्ताद होते, घाम पाहून 'बस' म्हणायला. गोदामात 'बस' म्हणणारे कोणी नव्हते.

अलीकडे हर्मन पाँटझर नावाच्या संशोधकाने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा ऊर्जाखर्च मोजला. शिकार करणारे, कंदमुळे खणणारे, दिवसभर पायपीट करणारे हे लोक. २०१२ साली त्याने जाहीर केले की शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच निघतो. जास्त हलणारे शरीर दुसरीकडे कुठेतरी खर्च आवरते, असा त्याचा अंदाज आहे, आणि त्यावर तज्ज्ञांची भांडणे चालू आहेत. सुखात्मे असते तर मिशीत हसले असते. मला मात्र अब्बांचे गुडघे आठवले. खर्च आवरायचा तो कुठून तरी आवरावाच लागतो.

मागच्या महिन्यात अकोल्याला घरी गेलो होतो. अम्मी आता पंचाहत्तरीत आहे. तिने माझ्या मनगटावरचे यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि ते काय करते ते विचारले. मी सांगितले. तिला ते खोटे वाटले. मग मी घड्याळ काढून तिच्या हातात बांधले. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी सैलच होता. ती दिवसभर तिची कामे करत राहिली. ज्वारी निवडली, पाणी भरले, वाकून अंगण झाडले, बसून भांडी घासली, पाच वेळा नमाज पढली. बसून केलेल्या कामांत घड्याळाला पावले दिसत नाहीत, आणि सजद्यात तर त्याला माणूस झोपला असेच वाटते.

अम्मी घरात दखनी ढंगाची उर्दू बोलते. पण खडीची भाषा तिच्या तोंडी अजून मराठीच आहे, जशी ती मुकादमाकडून ऐकली तशी. संध्याकाळी दिवे लागल्यावर ती माझ्याजवळ आली, मनगट पुढे केले आणि विचारले, "भरलं का?"

मी घड्याळ पाहिले. वर्तुळ अर्धेही झाले नव्हते.

"भरलं," मी म्हणालो, आणि पट्टा सोडला.